नाकाच्या आग्नेयेला एक पुळी

प्रश्न असा आहे: "अमेरिका स्वतंत्र झाली त्या काळात हार्टफर्डमध्ये लेम्युएल हॉपकिन्स नावाचा एक डॉक्टर होता आणि तो उपहासाच्या कविता लिहायचा, एवढंच वाचनात आलं. डॉक्टर म्हणून तो खरंच चांगला होता, की कवितांमुळे नाव राहिलं? आणि आजच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे कशासाठी बघावं?"

मी गेली एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी सर्जरी करतोय. इंग्रजी कवितेतला जाणकार वगैरे नाही. पण हॉपकिन्सची एक कविता इतक्या वेळा वाचलीय, की ओपीडीत बसल्या बसल्या तिच्या ओळी आठवतात. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो, जन्म-शिक्षण मागाहून.

कवितेचं नाव मराठीत सांगायचं तर "कॅन्सरच्या भोंदूनं मारलेल्या रोग्याच्या थडग्यावरचा लेख". १७८५ साली हार्टफर्डच्या 'कनेटिकट कूरंट' या साप्ताहिकात आली. सगळी कविता दोन-दोन ओळींच्या यमकांत, ठेक्यात, जवळजवळ आपल्या पोवाड्यासारखी पळणारी. सुरुवात अशी (मोडकंतोडकं मराठी माझं):

इथे पडला उताणा एक मूर्ख गडी,
कॅन्सरवाल्या भोंदूनं बांधली त्याची तिरडी;
पैसाही गेला, जीवही गेला,
लेप, जाळ अन् सुरीनं मेला.

पुढची गोष्ट म्हणजे अक्षरशः केसपेपर आहे. या गड्याच्या चेहऱ्यावर, "नाकाच्या किंचित आग्नेयेला", एक पुळी येते. इंग्रजीत ती नुसती नकाशातली दिशा. मराठीत आग्नेय म्हणजे अग्नीची बाजू, आणि पुढं नेमकं त्याच जागी जाळणारं औषध लागतं. हा फायदा हॉपकिन्सला मिळाला नाही, आपल्याला फुकटात मिळाला. पुळी रोज लाल होते, वाढते, कारण गडी पिणारा. शेजारच्या वीसेक बायका मिळून साठ उपाय सांगतात. एकाचाही गुण येत नाही. मग त्याच्या हाती पेपरातली जाहिरात पडते. तिच्यावर सहा जणांच्या सह्या, आणि हे सहाही जण "चामखिळीपासून बनवलेल्या कॅन्सरमधून" बरे झालेले.

ही ओळ मी नवीन आलेल्या इंटर्न मुलांना ऐकवतो. चामखीळ कशानंही जाते, कशानंही नाही म्हटलं तरी आपली आपण जाते. तिला आधी कॅन्सर म्हणून ठेवलं की कॅन्सर बरा झाल्याचं सर्टिफिकेट तयार. १७८५ मध्ये हे खोडून काढायला कुणाकडे काही नव्हतं. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा ही पद्धत रुळायला अजून पाऊण शतक होतं. फिरखॉव्ह या जर्मन डॉक्टरचा पेशींवरचा ग्रंथ १८५८ चा. आज बायोप्सी आहे, तरी त्या सहा जणांच्या जागी मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ आला आहे. एवढाच फरक.

गडी त्या जाहिरातवाल्याकडे निघतो आणि वाटेत त्याला दुसराच, त्याहून मोठा भोंदू गाठतो. हा डोळे वटारून, कपाळाला आठ्या घालून पुळीचा आकार न्याहाळतो आणि बारसं करावं तसं गंभीरपणे जाहीर करतो की या पुळीचं नाव कॅन्सर. लगेच पुढच्या श्वासात, "पण धीर धरा, तुम्ही पांढरे पडलात, माझा घाम काढणारा लेप कधी फसत नाही." आधी भीती आणि मागोमाग खात्री, मधे रोग्याला विचार करायला जागाच ठेवायची नाही. दोनशे चाळीस वर्षांत या क्रमात काही बदल झालेला मी पाहिला नाही.

माझं निदान विचाराल तर ती पुळी कॅन्सर नसावी. पिणाऱ्या माणसाचा नाकाजवळचा लाल, फुगत जाणारा भाग म्हटल्यावर मी आधी रोझेशिया म्हणेन, म्हणजे चेहरा लाल करणारा त्वचेचा एक साधा रोग. दारूनं तो होत नाही, पण दारूनं भडकतो, आणि हॉपकिन्सनं हे बरोबर टिपलं आहे. म्हणजे कवितेतला माणूस रोगानं मेलाच नाही. उपचारानं मेला.

मग भोंदू आपल्या बाटल्या दाखवतो. शेकडो कॅन्सर घाम काढून बाहेर ओढलेत, त्यांची मुळं मेपलच्या झाडाएवढी लांब, हे बघा नमुने, स्पिरिटमध्ये ठेवलेत, "माझं यकृत ठेवलंय तसेच". हा विनोद भाषांतरात सुद्धा मरत नाही, कारण दारूत मुरलेलं यकृत सगळीकडे सारखंच. फी वीस 'जो'. जो म्हणजे पोर्तुगालच्या जुआंव राजाच्या नावाचं सोन्याचं नाणं. तेव्हा अमेरिकेत ते सर्रास चालायचं. वीस सोन्याची नाणी एका पुळीसाठी.

बाटलीतल्या मुळांचं सांगायलाच हवं, कारण ती मी हातात धरली आहेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक साठीचे गृहस्थ आले. गालावर, डोळ्याच्या खाली, रुपयाएवढी खोल जखम, कडा जळून काळ्या. सोबत मुलगा. आबांनी पिशवीतून लोणच्याची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत रॉकेल, आणि रॉकेलात चामड्यासारखा काळपट तुकडा, एका बाजूला शेपटीसारखे धागे.

"डॉक्टरसाहेब, मूळ निघालंय. आता नुसती जखम भरून द्या."

"आबा, हे कुणी काढलं?"

"औषध लावलं. नवव्या दिवशी आपोआप सुटून आलं."

जाळणारा लेप हेच करतो. ज्या मांसाला लागेल ते शिजवल्यासारखं मरतं. त्याला रोगी भाग आणि चांगला भाग यातलं काही कळत नाही. आठ-दहा दिवसांत जिवंत आणि मेलेल्या मांसाची सीमा पडते आणि मेलेला तुकडा खालच्या धाग्यांसकट अख्खा गळून येतो. बघणाऱ्याला वाटतं झाड उपटलं. खरं म्हणजे माणसाचा गालच उपटून आलेला असतो. आबांच्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला तर रिपोर्ट आला बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर. कडेला अजून शिल्लक होता. सुरुवातीला आले असते तर तेवढ्या जागेपुरती भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासाचं काम. आता प्लास्टिक सर्जनकडे पाठवावं लागलं. जाताना त्यांनी बाटली परत मागितली. दिली मी.

हॉपकिन्सच्या रोग्याला एवढंही नशीब नव्हतं. लेपानं पुळी पसरते तेव्हा भोंदू म्हणतो, हा तर गुलाबी कॅन्सर, आणि सळई खुपसून दाढीखाली त्याच्या 'पाकळ्या' दाखवतो. मुळं आता जेमतेम धरून आहेत, गोचीड काढावी तशी काढतो. मग जलाप नावाची जुलाबाची मुळी देऊन पांढराफटक करतो, त्यावर जाळणारं औषध, अर्धा चेहरा खाल्ला जातो, रोगी बोंबलतो, वैद्य म्हणतो "झालंच बघा!" आणि सुरी घेतो. तीन घावांत एवढं भोक पडतं, की त्यातून गड्याचा छळून छळून पिचलेला आत्मा उडून जातो. शेवटी वाचणाऱ्याला आमंत्रण: चामखीळ, भोवरी, पुळी काही असेल तर जा अशाच अचूक वैद्याकडे, इथं शेजारी जागा आहे.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे. हे लिहिणारा माणूस स्वतः रोग्यांना काय द्यायचा?

हॉपकिन्स १९ जून १७५० ला अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, वॉटरबरीच्या हद्दीत जन्मला, घर शेतकऱ्याचं. तो वैद्यकाकडे वळला ते जवळच्या माणसांना क्षयानं झिजताना पाहून, असं सांगतात. मेडिकल कॉलेज त्याच्या वाट्याला आलं नाही. फिलाडेल्फियात १७६५ ला एक निघालं होतं, पण कनेटिकटमध्ये येलचं मेडिकल कॉलेज सुरू व्हायला १८१३ उजाडलं. शिकायची रीत म्हणजे एखाद्या डॉक्टरकडे राहायचं, पुड्या बांधायच्या, घोड्यामागं हिंडायचं, रक्त काढताना भांडं धरायचं. हॉपकिन्सनं हे वॉलिंगफर्डच्या जेरेड पॉटर आणि लिचफील्डच्या सेथ बर्ड यांच्याकडे केलं. १७७६ ला लिचफील्डमध्ये दवाखाना सुरू, थोडे दिवस स्वातंत्र्ययुद्धात शिपाईगिरी, मग १७८४ च्या सुमारास हार्टफर्डला बस्तान. त्याच साली येलनं मानद एम.ए. दिली. (हार्टफर्ड म्हणजे आज विमा कंपन्यांचं गाव, आपली आयटीतली कितीतरी मुलं तिथं राहून आलीत. त्यांनी हे नाव ऐकलं असण्याची शक्यता कमीच.) उंच, हाडकुळा, लांब नाकाचा, डोळे बाहेर आलेले, चालणं बेंगरूळ, असं त्याचं वर्णन करतात.

आणि त्याच्या पिशवीत काय होतं? रक्त काढायचं पातं, कॅलोमेल (पाऱ्याचं जुलाबाचं औषध), जलाप, अफू, तापावरची सिंकोनाची साल, ओकारीचं औषध, जाळायचं औषध. म्हणजे त्या काळच्या कुठल्याही डॉक्टरकडे असायचं तेच. पुन्हा वाचा: जलाप, जाळायचं औषध, सुरी. कवितेतला भोंदू ज्यांनी रोग्याला मारतो ती तिन्ही हत्यारं त्या वेळच्या मान्यवर डॉक्टरांचीच. १७९३ ला फिलाडेल्फियात पिवळा ताप आला तेव्हा देशातला सगळ्यात नावाजलेला डॉक्टर, बेंजामिन रश, कॅलोमेल-जलापचे जुलाब देऊन वर रक्त काढत होता, आणि सद्भावनेनं करत होता.

म्हणून मी ती कविता "शिकलेला डॉक्टर अडाणी भोंदूला हसतो" अशी वाचत नाही. हसायला औषधांत फरक लागतो आणि तो फारसा नव्हताच. हॉपकिन्स हसतोय ते "कधी फसत नाही" या दोन-तीन शब्दांना. कवितेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच घासून येतं, आणि अखेरच्या ओळीत कधीच न फसणारं एकच औषध उरतं, मरण. प्रामाणिक डॉक्टरकडे त्या काळी भोंदूपेक्षा जास्त होतं ते एवढंच: आपलं फसतं हे त्याला माहीत होतं. क्षयाच्या रोग्यांसाठी लोक हॉपकिन्सकडे लांबून यायचे. पण क्षयाचा जंतू कॉखनं दाखवला १८८२ ला, त्यावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ ला. मधली माणसं बहुतेक मेली, कुणाकडेही गेली तरी.

तर चांगला डॉक्टर होता का? गावाच्या दृष्टीनं होता. १७९२ ला कनेटिकट मेडिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा स्थापना करणाऱ्यांत तो होता, आणि ही संस्था हवी होती ती मुख्यतः डॉक्टर कुणाला म्हणायचं हे ठरवायला.

त्यातली गंमत अशी की सोसायटीला सगळ्यात मोठा भोंदू घरातच मिळाला. प्लेनफील्डचा एलिशा पर्किन्स हाही सुरुवातीच्या सभासदांपैकी. त्यानं बोटभर लांबीच्या धातूच्या दोन अणकुचीदार कांड्या काढल्या, दुखऱ्या जागेवरून ओढल्या की दुखणं 'ओढून' निघतं म्हणाला, आणि १७९६ ला त्यांचं पेटंट घेतलं. १७९७ मध्ये सोसायटीनं त्याला काढून टाकलं. कांड्या खपायच्या थांबल्या नाहीत. मुलानं लंडनमध्ये पाच गिनींना (इंग्रजी सोन्याची नाणी) जोडी विकली. पर्किन्स लबाड होता असं मला वाटत नाही. १७९९ ला न्यू यॉर्कमध्ये पिवळ्या तापाची साथ चालू असताना तो स्वतःचं व्हिनेगर-मिठाचं औषध घेऊन तिथं गेला आणि त्याच तापानं मेला. स्वतःवर विश्वास असलेला भोंदू जास्त महाग पडतो.

त्याला खोटं पाडलं इंग्लंडमधल्या जॉन हेगार्थनं. त्यानं १७९९ च्या जानेवारीत बाथ नावाच्या गावच्या इस्पितळात धातूसारख्या रंगवलेल्या लाकडी कांड्या पाच रोग्यांवर ओढल्या. चौघांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या ओढल्या, तेवढंच बरं वाटलं. हसण्याची गरजच पडली नाही. आज आम्ही औषधांच्या चाचण्या करतो त्यांची आजी म्हणजे ही कांड्यांची गोष्ट. हॉपकिन्सकडे हे हत्यार नव्हतं, त्याच्याकडे यमक होतं. ते त्यानं वापरलं.

त्याच्या बाकीच्या लिखाणाचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते फारसं आवडत नाही. हार्टफर्डमध्ये जॉन ट्रम्बुल, जोएल बार्लो, डेव्हिड हम्फ्रीज अशी शिकलेली, खवचट मंडळी जमायची. 'हार्टफर्ड विट्स' म्हणून ती ओळखली जातात. या चौघांनी मिळून १७८६-८७ मध्ये 'द अनार्कियाड' हप्त्याहप्त्यानं छापलं. बतावणी अशी, की पश्चिमेकडच्या एका पडक्या किल्ल्यात जुनं महाकाव्य सापडलंय. प्रत्यक्षात टीका चालली होती मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बंडावर (शेज हा त्यांचा पुढारी) आणि कागदी नोटा छापायच्या हट्टावर. मजबूत केंद्र सरकार हवं हा त्यांचा घोशा, आणि त्याच १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार होत होती, त्यामुळे वेळ बरोबर साधली. पण कर्जात बुडालेला शेतकरी कोर्टासमोर का उभा राहिला हे त्या कवितेत शोधायला जाऊ नका. शेतकऱ्याचा मुलगा असून हॉपकिन्सला ते दिसलं नाही, हे मला खटकतं. पुढं 'द गिलोटिना' वगैरे जेफरसनच्या पक्षावरची कवनं आहेत. पेपरच्या जुन्या अंकाला येतो तसा वास त्यांना येतो. शिवाय चौघांत मिळून लिहिलेलं, बहुतेक निनावी, त्यामुळे कुठली ओळ कुणाची यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

एक मात्र वाचा: ईथन अॅलनवरची. अॅलन म्हणजे व्हरमाँटचा रांगडा सेनापती. १७७५ ला इंग्रजांच्या हाती सापडला. कैदेत असताना रागाच्या भरात हातकडीचा खिळा आपण दातांनी उपसला, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. सुटून आल्यावर त्यानं बायबलवर टीका करणारं पुस्तक काढलं. हॉपकिन्सनं दोन्ही एकत्र बांधलं: इंग्रजांच्या तुरुंगातून सुटलेला, खिळे चावून सुळे मोडलेला अॅलन उत्तरेच्या आकाशात उगवतो, जगाला बायबल खोटं म्हणून सांगायला, हातात घुबडाच्या पंखाचं ताजं पीस, आणि लहर लागेल तसं रक्त सांडायचं की शाई सांडायची हे ठरवणार. सुळे! माणसाचे दात नव्हेत, रानडुकराचे. गंमत म्हणजे तरुणपणी हॉपकिन्स स्वतःच नास्तिकतेकडे झुकलेला होता. मागून श्रद्धावान झाला, आणि नव्यानं दारू सोडलेला माणूस जसा पिणाऱ्यांवर तुटून पडतो तसा तो तुटून पडला.

त्याच्या नावानं कवितांचा संग्रह निघाला नाही. कविता टिकल्या त्या एलिहू हबर्ड स्मिथ या तरुण डॉक्टरमुळे. त्यानं १७९३ ला लिचफील्डहून अमेरिकन कवितांचं संकलन काढलं, त्यात हॉपकिन्सला जागा दिली. पुढं न्यू यॉर्कला जाऊन त्यानं 'मेडिकल रिपॉझिटरी' हे अमेरिकेतलं पहिलं वैद्यकीय नियतकालिक सुरू करायला हातभार लावला, आणि १७९८ च्या पिवळ्या तापात रोगी बघता बघता गेला. वय सत्तावीस. हॉपकिन्स १४ एप्रिल १८०१ ला हार्टफर्डमध्ये गेला, पन्नाशीत.

प्रश्नाचा शेवटचा भाग राहिला, त्याच्याकडे कशासाठी बघावं. एक किस्सा सांगतो, जुन्या डॉक्टरांच्या चरित्रांत तो येतो. हॉपकिन्स आणि त्याचा मित्र डॉ. मेसन कॉग्जवेल एका क्षयाच्या रोग्याला बघायला गेले. (हा तोच कॉग्जवेल, ज्याच्या कर्णबधिर मुलीमुळे, अॅलिसमुळे, १८१७ ला हार्टफर्डमध्ये कर्णबधिरांची शाळा निघाली.) रोगी शेवटच्या घटका मोजत होता. घरच्यांनी ग्राइम्स नावाच्या भोंदूकडून तापाच्या जालीम पुड्या आणून ठेवल्या होत्या, द्यायच्या का म्हणून विचारलं. हॉपकिन्सनं विचारलं, एका वेळी जास्तीत जास्त किती देतात? दीड, त्यावर नाही. त्यानं एक वाटी मागवली, बारा पुड्या काकवीत कालवल्या आणि घरच्यांसमोर स्वतःच गिळून टाकल्या. मग मित्राला म्हणाला, "कॉग्जवेल, मी आज कोव्हेंट्रीला चाललोय. मेलो तर थडग्यावर लिही: इथे हॉपकिन्स पुरला आहे, ग्राइम्सनं मारलेला."

सर्जन म्हणून सांगतो, यातून सिद्ध काहीच झालं नाही. बारा पुड्या खाऊन धडधाकट माणूस मेला नाही, एवढंच. पुडीत गुण आहे की नाही ते हेगार्थच्या लाकडी कांडीनंच कळलं असतं. पण रोग्याच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या बायाबापड्यांना तुम्ही काय चाचणी समजावणार? त्यांना त्या दुपारी समोर दिसलं की जालीम म्हणून जपून ठेवलेल्या पुड्या डॉक्टरनं काकवीसारख्या चाटल्या आणि घोड्यावर बसून परगावी गेला. माझ्या टेबलावरची ती लोणच्याची बाटली मी आबांना परत दिली तेव्हा असलं काही मला सुचलं नव्हतं.